ओव्हरक्लॉकनंतर कार्ड ८१ अंशांवर, पंख्यांचा घरघराट: पेस्ट बदलू की फॅन कर्व्ह?

परळ_टॉवर
ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, दोन पंख्यांचं मॉडेल, वॉरंटी संपलेली. ओव्हरक्लॉकसाठी, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवायला, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर (मुख्य चिप) +१२०, मेमरी +६०० मेगाहर्ट्झ, पॉवर लिमिट १०९ टक्के. खोलीत एसी नाही, सध्या खोलीतली हवा ३३ अंश. अर्धा तास गेम चालला की एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर) कोअर ८१, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ९९, पंखे २६०० आरपीएम, कार्ड २३८ वॉट. हेडफोन लावूनही आवाज येतो. पंखे तेवढेच ठेवून केसची बाजूची काच काढली तर कोअर ७५ वर येतं. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारा लेप) बदलावी की फॅन कर्व्हवर (तापमानानुसार पंख्यांचा वेग ठरवणारा आलेख) भागेल? ओव्हरक्लॉक पूर्ण सोडायचं नाही.

वॉटमीटर
आधी ८१ मधून ३३ वजा करा. तुमचं कार्ड खोलीच्या हवेपेक्षा ४८ अंश वर चाललंय. हाच आकडा लिहून ठेवा, कारण खोली एक अंश तापली की कार्डही साधारण एक अंश तापतं. मुंबईत मे आणि डिसेंबरचे नुसते आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

खरं दुखणं २३८ वॉटचं आहे. या कार्डाची मूळ मर्यादा २२० वॉट. चिपची वीज क्लॉकच्या (चिपच्या वेगाच्या) प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १०५० मिलिव्होल्टवरून ९०० वर आलात तर त्याच क्लॉकला चिपचा तो खर्च पाऊण पटीच्या आत येतो. पंखा फक्त उष्णता वाहून नेतो, ती कमी करत नाही. म्हणून फॅन कर्व्हच्या आधी अंडरव्होल्ट, म्हणजे तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर.

आफ्टरबर्नर रीसेट करा. कोअर क्लॉक −२५० करून अप्लाय. कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडतो. त्यात ९०० मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १८६० मेगाहर्ट्झवर न्या आणि पुन्हा अप्लाय करा. त्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे. नाही झाली तर उजवीकडचा एखादा ठिपका अजून वर राहिलाय, तो खाली ओढा. गार कार्डावर १८६० लावलंत तर तापल्यावर १८४५ किंवा १८३० दिसेल. तापमानानुसार क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरतो, तो बिघाड नाही.

तपासताना बेंचमार्कवर थांबू नका. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारा) एखादा जड गेम तासभर चालवा, कारण बेंचमार्क पार करणारी सेटिंग तिथे कोसळू शकते. कार्डाचा ड्रायव्हर बंद पडला तर तोच क्लॉक ९२५ मिलिव्होल्टवर लावा. चार-पाच दिवस नीट चालल्याशिवाय 'विंडोजसोबत सुरू करा' हा पर्याय लावू नका.

गोरेगाव_खाडी
नुसतं पॉवर लिमिट ८० टक्के केलं तर नाही का भागणार? एकच स्लायडर, सोपं काम.

वॉटमीटर
तापमान उतरेल. पण हलक्या दृश्यात कार्ड पुन्हा जास्त व्होल्टेजवर चढतं, जड दृश्यात लिमिटला आपटून क्लॉक खाली येतो, आणि पंखे त्यामागे वर-खाली होत राहतात. कानाला सलग आवाजापेक्षा हा हेलकावा जास्त बोचतो.

शांत_पंखा
आता आवाजाचं. आरपीएम २६०० वरून १९०० वर आला तर पंख्यांच्या नियमाने साधारण ७ डेसिबल कमी होतात, म्हणजे कानाला स्पष्ट कळण्याइतका फरक. अंडरव्होल्ट झाल्यावर असा कर्व्ह लावा: ६० अंशांवर ३५ टक्के, ७० वर ४८, ७६ वर ५८, ८३ वर ८०, ८८ वर १००. मधला उतार सौम्य हवा. सेटिंगमधल्या फॅन टॅबवर तापमानाचा हिस्टेरेसिस (वेग बदलण्याआधीची सूट) ४ अंश ठेवा, म्हणजे एकेका अंशाला पंखे उचल खाणार नाहीत. एखाद्या ठरावीक वेगाला कव्हर थरथरत असेल तर कर्व्ह तिथे रेंगाळू देऊ नका, तो टप्पा ओलांडून पुढे न्या.

आणि आवाज पंख्याचाच आहे ना, ते पाहा. गेम चालू असताना एक मिनिट पंखे ३० टक्क्यांवर धरा. चिरका, किणकिणणारा आवाज तसाच राहिला तर तो कॉइल व्हाइन, म्हणजे कार्डावरच्या कॉइलच्या कंपनाचा आवाज. त्यावर एफपीएसची (सेकंदाला किती चित्रं) मर्यादा घाला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर १४१.

काच काढल्यावर ६ अंश उतरतात, याचा अर्थ केसमध्ये हवा पुरेशी येत नाही. समोरची जाळी पहिली बघा. परळ भागात बांधकामाची धूळ बारीक असते आणि समुद्राच्या दमट हवेत ती चिकटून बसते. वरून जाळी स्वच्छ दिसते आणि भोकं बुजलेली असतात. पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होतं. केसची मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी दूर हवी. टेबलाच्या बंद कप्प्यात केस असेल तर वरचे सगळे उपाय निम्मेच लागू पडतील.

पॅड_आणि_पेस्ट
पेस्टला आत्ता हात लावू नका. कोअर आणि हॉट स्पॉटमधला फरक १८ आहे, थोडा जास्त पण चालण्याजोगा. तो २५ च्या पुढे गेला, किंवा वॉट तेवढेच असताना महिन्यामहिन्याला वाढू लागला, तर पेस्ट चिपच्या मधून कडेला सरकलीय असं समजा.

उघडायची वेळ आलीच तर खरा धोका थर्मल पॅडचा, म्हणजे मेमरी आणि हीटसिंकमधल्या मऊ पट्ट्यांचा. जाडी चुकून अर्धा मिलिमीटर जास्त घेतली तर हीटसिंक मेमरीवर टेकतो आणि चिपवर दाब बसत नाही. नव्या पेस्टनंतर हॉट स्पॉट उलट चढतो. जुने पॅड फाटले नसतील तर तेच ठेवा. चिप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेस्ट पूर्ण चिपवर पातळ पसरा, चार स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. हीटसिंक झटकन उचलू नका, पंख्याची वायर बोर्डाला जोडलेली असते. पेस्ट लॅमिंग्टन रोडवर मिळते. बंद पाकीट, शाबूत सील आणि बिल पाहूनच घ्या, सुट्या सिरिंजच्या वाटेला जाऊ नका.

परळ_टॉवर
९०० वर १८६०, जाळी धुतली, काच लावलेली. आता १८१ वॉट, कोअर ७०, हॉट स्पॉट ८३, पंखे १७५० आरपीएम. खोली ३२. मेमरी पुन्हा +६०० करू का?

वॉटमीटर
म्हणजे हवेच्या वर ३८. मेमरी +३०० पासून १०० च्या पायऱ्यांनी चढवा आणि प्रत्येक पायरीला एकच दृश्य चालवून एफपीएस टिपा. स्क्रीनवर ठिपके चमकले किंवा एफपीएस वाढायचं थांबलं की दोन पायऱ्या मागे या. या कार्डावर मेमरीचं तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसत नाही, म्हणून कडेपर्यंत जाऊ नका.