शब्दचर्चा: अ‍ॅरेच्या 'साइज'ला मराठीत काय म्हणावे?

फोंड्याहून: बहुमितीय अ‍ॅरेवर (अनेक दिशांनी मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर) मराठीत लिहिताना 'डायमेन्शन'ला मिती म्हणतात, ते ठीकच आहे. 'साइज'साठी मात्र आकार, आकारमान, लांबी असे तिन्ही शब्द दिसतात. योग्य कोणता? आणि 'फक्त पहिल्या व तिसऱ्या डायमेन्शनची साइज घ्या' हे कसे लिहावे?

म्हापशाहून: आकारमान नको. शाळेच्या विज्ञानात आकारमान म्हणजे घनफळ, त्यामुळे वाचणारा सगळ्या मितींचा गुणाकार समजतो. समजा, गोव्याचे १२ तालुके, जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस आणि १० वर्षे अशी पावसाची नोंद 'अ' या अ‍ॅरेत आहे. गुणाकार १४,६४०, तो एकूण घटकांचा आकडा झाला. एकेका मितीचे ते 'माप' आणि सगळी मापे क्रमाने मांडली की 'आकार', असे वापरा. तुमचे वाक्य मग 'पहिल्या व तिसऱ्या मितीची मापे घ्या'. उत्तर १२ आणि १०.

मडगावहून: लांबी तर मुळीच नको. मॅटलॅब या गणिती संगणकभाषेतले लेंग्थ हे फंक्शन सर्वांत मोठे माप देते, इथे १२२. पायथन या संगणकभाषेतले लेन पहिले माप देते, १२.

निवडक मापांसाठी मॅटलॅबमध्ये आर२०१९बी या आवृत्तीपासून साइज(अ, [१ ३]) एवढे पुरते. त्याआधी मा = साइज(अ) करून मा([१ ३]) घ्यावे लागे. जुन्या कोडमध्ये हे अजून सापडते आणि अडते ते इथेच: एकाच वर्षाची नोंद उरली की तिसऱ्या मितीचे माप १ होते, मॅटलॅब शेवटची अशी मिती गाळते, 'मा'मध्ये दोनच आकडे राहतात आणि तिसरा मागितला की एरर. नवी पद्धत तिथे १२ आणि १ असे बरोबर उत्तर देते.

याहून वाईट चूक म्हणजे तालुके व दिवस यांची मापे मागताना लिहिलेले [ता, दि] = साइज(अ). 'दि'मध्ये १२२ येत नाही, १२२० येतात, कारण उरलेल्या सगळ्या मापांचा गुणाकार शेवटच्या चलात जातो. एरर नाही, इशारा नाही, आणि 'दि'ने भागून काढलेली रोजची सरासरी दहापट कमी निघते. [ता, दि] = साइज(अ, [१ २]) लिहा.

पणजीहून: नमपाय या पायथनच्या अ‍ॅरे-लायब्ररीबद्दल लिहिताना 'तिसरी मिती, म्हणजे अक्ष २' असे दोन्ही द्या, मोजणी ० पासून असते. अ.शेप[०, २] चालत नाही, कारण अ.शेप हे टपल, म्हणजे मापांची क्रमवार यादी, असते आणि टपलला एका वेळी एकच क्रमांक देता येतो. (अ.शेप[०], अ.शेप[२]) असे लिहावे लागते. एकच वर्ष निवडायला अ[:, :, ४] केले की तिसरी मितीच नाहीशी होते. ती राखायची तर अ[:, :, ४:५], मग तिचे माप १.

फोंड्याहून: माप १ असलेल्या मितीला 'एकल मिती' म्हणू का?

म्हापशाहून: चालेल. पण माप ० असलेली मिती त्यात धरू नका. तिथे अ‍ॅरे रिकामा असतो, मात्र बाकीच्या मितींची मापे साइज तशीच दाखवते.