लंडन-तेहरान ट्रकलाइन: कार्नेट, टिल्टची दोरी आणि गोठलेलं डिझेल

मोंढानाका_जालना:

१९७० च्या दशकात इंग्लंडच्या कंपन्यांचे ट्रक इराण-सौदीपर्यंत नेणाऱ्या ड्रायव्हरांच्या आठवणी वाचायलोय. लिहिणारे सगळे जुनं खोड. 'कार्नेटचं पान चुकलं', 'टिल्ट उघडला', 'डिझेलचं मेण झालं' असं एका ओळीत उरकतात आणि पुढं जातात. आपण ट्रकवाल्या गावचे, तरी निम्मं डोक्यावरून जातंय. जाणकारांनी उकलून सांगावं.

आठ देश ओलांडायचे, माल कुठं उतरवायचा नाही, ड्यूटी भरायची नाही, हे कसं जमायचं? टिल्ट म्हणजे आपली ताडपत्रीच ना, मग तिच्या दोरीचं एवढं काय? आणि डिझेल खरंच गोठतं का? इथून मोसंबी घेऊन उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांना त्यातलं काही कामाचं आहे का?

किस्से भरपूर वाचलेत, ते नकोत. काम कसं चालायचं तेवढं सांगा.

---

बिल्टीवाला:

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो.

आधी हा धंदा फोफावला कशानं ते बघा. सुएझ कालवा १९६७ पासून जून १९७५ पर्यंत बंद होता. १९७३-७४ मध्ये तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, इराण-सौदीकडं पैसा आला, खरेदी वाढली. पण माल उतरवून घ्यायला बंदरं पुरेनात. इराणच्या खुर्रमशहरसारख्या बंदराबाहेर जहाजं महिनोन्‌महिने ताटकळायची. मग यंत्रं, सुटे भाग, घाईचा माल ट्रकनं निघाला. वाट आधीच पडलेली होती. बॉब पॉल आणि मायकेल वुडमन यांनी १९६४ मध्ये 'गाय' कंपनीचा ट्रक थेट काबूलला नेला होता (गाय हे इंग्रजी नाव, आपली गाय नव्हे). त्यांचीच कंपनी पुढं 'अ‍ॅस्ट्रान' म्हणून ओळखली गेली.

तेहरानची नेहमीची वाट अशी: ब्रिटन, बोटीनं बेल्जियम, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण. साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास.

आता कार्नेट. टीआयआर म्हणजे कस्टमच्या सीलखाली ट्रकनं माल देशोदेशी नेण्याचा आंतरराष्ट्रीय करार. त्याचं कार्नेट ही पानांची चोपडी असते. ४, ६, १४ किंवा २० पानांची. एका देशाला दोन पानं लागतात, शिरताना पांढरं आणि निघताना हिरवं. वरचे आठ देश वेगवेगळे धरले तर सोळा पानं झाली. चौदाची चोपडी घेऊन निघालात तर ती इराणच्या दारातच संपली. (युरोपीय समुदायातले देश एकच मुलूख धरले की पानं वाचतात.) एक चोपडी एकाच खेपेला चालते. परतीला भाडं मिळालं तर नवी चोपडी, रिकामं यायचं तर लागतच नाही.

नाक्यावर काय होतं? शिरताना अधिकारी सील तपासतो, पांढरं पान फाडून घेतो, चोपडीत राहणाऱ्या स्थळप्रतीवर शिक्का मारतो. निघतानाच्या नाक्यावर हिरवं पान फाडतात आणि तिथून शिरतानाच्या नाक्याला कळवतात की माल बाहेर गेला. तेव्हा कुठं त्या देशाचा हिशोब मिटतो. ड्यूटी माफ झालेली नसते, नुसती टांगलेली असते. जामीन म्हणून त्या त्या देशातली वाहतूकदारांची संघटना उभी असते आणि त्या सगळ्यांच्या वर जिनिव्हाची आयआरयू, म्हणजे रस्ता-वाहतूकदारांची आंतरराष्ट्रीय संघटना. १९७५ च्या करारात एका कार्नेटमागं ५०,००० डॉलरपर्यंतची हमी सुचवलेली होती.

चुकतं कुठं, तर बहुतेक वेळा रात्रीच्या गर्दीत. अधिकारी एकाऐवजी दोन पानं फाडतो, नाहीतर हिरवं पान घेतो आणि स्थळप्रतीवर शिक्का मारायचा राहतो. ड्रायव्हरनं खिडकीसमोरच चोपडी उघडून बघायची: पान बरोबर क्रमांकाचं गेलं का, शिक्का उमटला का, तारीख वाचता येते का. पुढच्या देशात गेल्यावर मागचा शिक्का मिळवणं म्हणजे उलटा प्रवास. शिक्का नसेल तर त्या देशाच्या दप्तरी माल तिथंच विकला गेला असा अर्थ निघतो, आणि ड्यूटीची मागणी संघटनेमार्फत ट्रकमालकावर येते.

चोपडीच्या शेवटी पंचनाम्याचं पान असतं. अपघात झाला, सील तुटलं, माल दुसऱ्या गाडीत घ्यायची वेळ आली तर आधी कस्टमवाला शोधायचा, तो नसेल तर पोलीस, आणि ते पान भरून घ्यायचं. स्वतः दोरी जोडून पुढं निघालेला माणूस पुढच्या नाक्यावर चोरच ठरतो.

आणखी एक, जे आठवणींत हमखास येतं पण कुणी समजावत नाही. तुर्कस्तानात शिरताना ट्रकची नोंद ड्रायव्हरच्या पासपोर्टात व्हायची. गाडी दरीत गेली तरी ती नोंद रद्द करून घेतल्याशिवाय माणसाला देश सोडता यायचा नाही. म्हणून मोडक्या गाडीपाशी बसून राहिलेले ड्रायव्हर वाचायला मिळतात. गाडीवर फार जीव होता असं समजू नका.

पश्चिम जर्मनीची परमिटं कोट्यानं मिळायची आणि ब्रिटिश कंपन्यांना ती कमी पडायची. त्यावर तोड म्हणजे कोलोनला ट्रक रेल्वेवर चढवायचा आणि लुडविग्सबुर्गला उतरवायचा. कोकण रेल्वेवर कोलाड ते वेर्णा ट्रक जातात, तसंच.

---

हौदावाला_लातूर:

भाऊ, ताडपत्री आणि टिल्ट यांत फरक आहे. आपली ताडपत्री पावसासाठी. हौद्यावर टाकली, नायलॉनची दोरी खालच्या हुकांतून नागमोडी ओढली, गाठ मारली, झालं. आपण कुठलीही गाठ सोडून हात घालू शकतो आणि परत मारू शकतो, कुणाला पत्ता लागत नाही. कस्टमला नेमकं तेच नको असतं.

टिल्टला खाली फळ्यांचा हौदा, वर लोखंडी खांब आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर जाड पीव्हीसी कापड. हौद्याच्या बाहेरून कड्या असतात. कापडाच्या काठाच्या डोळ्यांतून (भोकांतून) त्या कड्या बाहेर काढायच्या आणि सगळ्या कड्यांतून एकच अखंड दोरी ओवत न्यायची. ही दोरी पोलादी तारेची, वर प्लास्टिकचं आवरण, दोन्ही टोकांना पक्की धातूची टोपी. दोन्ही टोकं एका जागी आणून त्यांत सील. मधे जोड चालत नाही.

मापं कडक आहेत. दोन डोळ्यांत जास्तीत जास्त २०० मिलिमीटर अंतर. कापड हौद्याच्या फळीवर किमान २५० मिलिमीटर उतरलेलं हवं, म्हणजे खालून हात जात नाही. ४० फुटी ट्रेलरचा घेर ९६ फूट, म्हणजे २९ मीटर. तेवढ्यात दीडशेच्या आसपास कड्या येतात. चढउतार आणि टोकं धरून दोरी ३३-३४ मीटर लागते. एक कडी डोळ्यातून बाहेर काढायची राहिली आणि दोरी तशीच पुढं गेली तर तिथं कापड उचलतं. अधिकारी बोटानं तेच चाचपत फिरतो. सापडलं की सगळी दोरी मागं काढून पुन्हा ओवायची, थंडीत, हातमोजे काढून. कड्या पकडायला मोजे आड येतात.

सगळ्यात गंमत शिवणीची आहे. कापड फाटलं तर ठिगळ मशीननंच शिवायचं, दोन ओळींत, ओळींमधे किमान १५ मिलिमीटर. आतून दिसणाऱ्या दोऱ्याचा रंग कापडाहून आणि बाहेरून दिसणाऱ्या दोऱ्याहून वेगळा हवा. कारण सरळ आहे: कुणी बाहेरून उसवून परत शिवलं तर आतली ओळ तशीच जमत नाही आणि चोरी उघडी पडते. ज्यानं कुणी हा नियम लिहिला त्याला शिंप्याचं काम कळत होतं.

पुढची-मागची निळी पाटी ४०० बाय २५० मिलिमीटर, पांढरी अक्षरं २०० मिलिमीटर उंच. पाटी कुणीही रंगवील. खरा कागद गाडीच्या मंजुरीचा, तो दर दोन वर्षांनी गाडी दाखवून नवा करायचा आणि गाडीतच ठेवायचा.

---

चाकोरी:

एक बारीक दुरुस्ती, कारण आठवणींत गल्लत होते. गोल कागदी चकतीवर वेग आणि तास उमटवणारा टॅकोग्राफ युरोपीय समुदायाच्या १९७० च्या नियमात होता, पण ब्रिटननं तो अंगाला लावून घेतला नाही. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयात ब्रिटन हरलं आणि १९८१ च्या अखेरीस तो सक्तीचा झाला. ड्रायव्हर त्याला 'केबिनमधला हेर' म्हणायचे. म्हणजे मूळ प्रश्नातल्या काळात बहुतेकांकडं हातानं भरायची वही होती, आणि वहीत किती झोप झाली हे वही लिहिणाराच ठरवतो.

---

पंपमिस्त्री_नांदेड:

डिझेल दगडासारखं गोठत नाही. त्यात मेण विरघळलेलं असतं. थंडीत त्याचे बारीक स्फटिक होतात, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग फिल्टरची जाळी बुजते. लक्षण ठरलेलं: गाडी सुरू होते, पाच-दहा मिनिटं चालते, चढावर दम सोडते, आरपीएम वरखाली होतो, बंद. टाकीत बघावं तर डिझेल पातळच. माणूस पंप खोलत बसतो आणि बिघाड फिल्टरमधे असतो.

जुने ब्रिटिश ड्रायव्हर उन्हाळी डिझेल भरून पूर्व तुर्कस्तानात शिरले की हेच व्हायचं. एर्झुरुमच्या पुढं तहिर घाट आहे, सुमारे २,४७५ मीटर. आपल्या कळसूबाईहून आठशे मीटर उंच, वर बर्फ. उपाय रॉकेल. पाच-दहा लिटर नव्हे, टाकीच्या पाचव्या हिश्शाच्या पुढं. आणि ते थंडी पडायच्या आधी. एकदा मेण धरलं की वरून रॉकेल ओतून ते विरघळत नाही, ऊब द्यावीच लागते. मग फिल्टरवर गरम पाणी, नळीवर ब्लोलॅम्प, काही महाभाग टाकीखाली जाळ करायचे. रात्रभर इंजिन चालू ठेवणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग, इंजिनकडून टाकीत परत येणारं डिझेल गरम असतं म्हणून.

हवेच्या ब्रेकचं दुखणं वेगळं. कॉम्प्रेसर हवेबरोबर ओल ओढतो, ती हवेच्या टाकीत साचते, रात्री व्हॉल्व्हमधे बर्फ होते. सकाळी गेजवर हवा पूर्ण दिसते आणि ब्रेक सुटत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे लागत नाही. उपाय: मुक्कामाला गाडी लावली की लगेच, इंजिन गरम असताना, सगळ्या हवेच्या टाक्यांचे कॉक उघडून पाणी काढायचं. ओल्या रस्त्यानं आल्यावर हँडब्रेक ओढून झोपायचं नाही, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमधे टाकून चाकांना लाकडाचे ठोकळे लावायचे. चिकटलेच तर ड्रमवर हातोडीचे हलके ठोके. गाडी रेटून ओढली की लायनर पट्टीवरून उखडतो.

साखळ्या घाटाच्या पायथ्याला, सपाटीवर चढवायच्या, ओढणाऱ्या चाकांना. दोन-तीनशे मीटर चालवून परत ताणायच्या, कारण पहिल्या फेऱ्यांत त्या सैल होतातच. डांबर उघडं दिसलं की काढायच्या, नाहीतर तुटलेली कडी ब्रेकच्या नळीवर फटके मारते.

उतार आपल्याला शिकवायला नको, पण शिकवावा लागतो. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात न्यूट्रल मारणारे अजून आहेत. ज्या गिअरला चढला त्याच गिअरला उतरायचं. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा) गिअरमधे आणि आरपीएम वर असेल तरच काम करतो. ड्रम तापला की फुगतो, लायनरची पकड जाते, पेडल खाली जातं आणि गाडी ऐकत नाही. डिझेल वाचतं म्हणावं तर तेही नाही. नव्या इंजिनात गिअरमधे उतरताना इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहतं.

---

मोंढानाका_जालना:

पंपमिस्त्री मामा, एकदम खुलासा झाला. एकच राहिलं. आपल्याकडच्या बीएस-६ गाडीला काश्मीरकडं जाताना रॉकेलचा हा उपाय चालेल का? आणि बिल्टीवाले दादा, टीआयआर भारतात आहे का?

---

पंपमिस्त्री_नांदेड:

अजिबात नाही. जुना पंप जाडजूड होता, थोडं रॉकेल पचवायचा. आताचा कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेलनं ते वंगण कमी होतं, पंप घासतो, त्याचा चुरा इंजेक्टरमधे जातो आणि सगळा संच बदलावा लागतो. शिवाय भेसळ ती भेसळच.

करायचं ते असं. आपल्या मानकात थंडीतल्या डिझेलला फिल्टरमधून जाण्याची हद्द ६ अंश सेल्सिअस आहे, उन्हाळ्याला १८. म्हणून इथली टाकी फुल करून डोंगर चढू नका. दिल्लीपर्यंत काळजी नाही. पुढं टाकी कमी ठेवा आणि डोंगराच्या बाजूच्या पंपावर तिकडचं डिझेल भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल काढलंय. निघण्याआधी वॉटर सेपरेटर रिकामा करा, नवा फिल्टर घाला आणि एक सोबत ठेवा. कूलंट निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल. नुसतं बोअरचं पाणी टाकलेल्या गाडीचा ब्लॉक तडकतो. धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी उणे ११ ला गोठते, ते पाहून घाबरू नका, इंजिनच्या गरम पाण्यानं ती सुटते. तिच्यावर उकळतं पाणी मात्र ओतू नका.

---

बिल्टीवाला:

आहे. भारत २०१७ च्या जूनमध्ये करारात आला, १५ डिसेंबरपासून तो लागू झाला, हमीदार संघटना फिक्की, म्हणजे उद्योग-व्यापाऱ्यांचा महासंघ. वाळूज-शेंद्र्याहून जाणारा कंटेनर तुम्ही बघताच, त्याला दोरी नसते, दाराच्या दांडीला ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील). तत्त्व तेच. सीलचा नंबर कागदावरच्या नंबरशी जुळवून मगच गेटबाहेर पडायचं, आणि दाराचा बिजागरीकडचा बोल्टही बघायचा. सील तसंच ठेवून बिजागरीकडून दार काढणारे पूर्वीही होते, आजही आहेत.