मदत हवी आहे : वजन सावकाश खाली ठेवताना मायोसिनची डोकी नेमकं काय करतात?

मंडळी, स्नायूंच्या बाबतीत एक गाठ सुटत नाहीये. जाणकारांनी कृपया मदत करावी.

आकुंचनापर्यंत गाडी नीट पोचते. कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटलं की अ‍ॅक्टिनच्या बारीक तंतूंवर झाकणासारखं बसलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, अ‍ॅक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात, मायोसिनच्या जाड तंतूंवरची डोकी तिथे पकडतात आणि अ‍ॅक्टिनचे तंतू सार्कोमिअरच्या (स्नायूतल्या आकुंचनाच्या सर्वांत लहान एककाच्या) मध्याकडे ओढतात. तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. म्हणून आय पट्टा (जिथे फक्त बारीक तंतू असतात) अरुंद होतो, पण ए पट्टा (जाड तंतूंच्या लांबीएवढा) आहे तेवढाच राहतो. १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे मांडलं : अँड्र्यू हक्स्ली-नीडरगर्के आणि ह्यू हक्स्ली-जीन हॅन्सन. मला हा सगळा भाग विलक्षण देखणा वाटतो.

अडतं ते पुढे. कोपरात हात वाकवून धरलेलं वजन सावकाश खाली न्या आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपून बघा. स्नायू लांब होत असतो, तरी टणक लागतो. डोकी तर एकाच दिशेने ओढतात ना? मग इथे ती उलटी चालतात का? शिवाय उतरवताना एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) कमी खर्च होतं आणि तरी जास्त भार पेलतो, हे कसं?

प्रतिसाद :
उलटी चालत नाहीत. एरवी पकडलेलं डोकं सुटायला नवं एटीपी येऊन बसावं लागतं. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते एटीपी संपल्यामुळेच. पण बाहेरचा भार स्नायूला ताणतो तेव्हा पकडलेलं डोकं स्प्रिंगसारखं ताणलं जातं आणि आपलं चक्र पुरं व्हायच्या आत ओढून सुटतं. ते लगेच पुन्हा पकडू शकतं, एटीपी न खर्चता. खर्च कमी तो यामुळे; आणि ताणलेलं डोकं जोरही जास्त धरतं. त्यात टायटिनची भर आहेच. सार्कोमिअरच्या टोकाला असलेल्या झेड रेषेपासून त्याच्या मध्यापर्यंत पसरलेलं हे अवाढव्य प्रथिन ताणलं की मागे खेचतं. अशा व्यायामाची सवय नसेल तर काही सार्कोमिअरच्या झेड रेषा विस्कटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं अंग दुखणं बरंचसं अशाच व्यायामाने येतं.

धागाकर्ता :
खूप आभार, एटीपीचं कोडं सुटलं! एक उपप्रश्न : बेडकाच्या स्नायूत सार्कोमिअर सुमारे ३.६ मायक्रोमीटरपर्यंत ताणलं की जाड आणि बारीक तंतू एकमेकांवर येतच नाहीत. तिथे डोक्यांना धरायला काहीच उरत नाही. मग त्या तंतुकातला (सार्कोमिअरच्या साखळीतला) सगळा ताण एकट्या टायटिनवर येतो का?