तिसरी तुळस चाललीय, काय चुकतंय?

प्रश्न : ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेला. पाडव्यापासूनची ही तिसरी तुळस. पानं पिवळी पडून गळतात, खोड बुंध्याशी काळं झालंय. कीड दिसत नाही. नर्सरीतून आणली तशीच, लाल मातीसकट लावली. सासूबाई रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालतात. कोकणातल्या घरी वृंदावनाला त्यांनी चाळीस वर्षं असंच घातलं, तिथे तुळस कधी गेली नाही. इथे गेली की त्या दिवसभर गप्प असतात. मला ते बघवत नाही.

उत्तर १ : बुंधा काळा म्हणजे मूळकूज. वृंदावनातली मुळं खोल जातात, पाणी जमिनीत मुरतं, दिवसभर ऊन लागतं. आठ इंची कुंडीत, पावसाळी हवेत तोच तांब्या तुळस बुडवतो. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी नको. कुंडीचं भोकही तपासा.

उत्तर २ : ही बहुतेक वाचणार नाही, पण शेंडे हिरवे असतील तर चार-पाच बोटं लांबीचे तोडा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. पाणी दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. नर्सरीची लाल माती नुसती वापरू नका, ती दगडासारखी बसते.

उत्तर ३ : आमच्याकडे आई पळीभर पाणी तुळशीला घालते आणि उरलेला तांब्या शेजारच्या अळूला. अळूला ते चालतं. पूजा तशीच राहते.

प्रश्नकर्ती : कुंडी उपसली. भोक मातीने गच्च बुजलेलं, मुळं तपकिरी, वास येत होता. चार शेंडे हिरवे मिळाले, ते ग्लासात ठेवलेत. पळीचं सासूबाईंना सांगितलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग आतून संध्येची पळी घेऊन आल्या. मामंजी गेल्यापासून ती कपाटातच होती. एका शेंड्याला मंजिरी आहे, ती खुडू का? आज द्वादशी, म्हणून त्या नको म्हणतात.

उत्तर २ : खुडाच, नाहीतर सगळा जोर बियांत जातो. पण उद्या खुडलीत तरी चालेल.