कोरडा धबधबा मुलांना कसा दाखवू?

प्रश्न: वॉशिंग्टन राज्यातल्या ड्राय फॉल्सला नववीच्या मुलांना नेतेय. ५ किलोमीटरहून रुंद कडा, खाली तळी, आणि पडणारं पाणी शून्य! ‘इथे महापूर आला होता’ एवढं सांगून मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातून करा. हिमयुगात हिमनदीच्या जिभेने तिथली क्लार्क फोर्क नदी अडवली आणि मागे मिझूला सरोवर तुंबलं. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे पाणी पुरेसं खोल झालं की बर्फाचा बांध फुटायचा आणि पूर ड्राय फॉल्सकडे धावायचा. एकदा नव्हे, अनेकदा. मिझूला शहरामागच्या डोंगरावर जुन्या काठांच्या आडव्या रेघा आजही दिसतात.

उत्तर २: मी मोंटानातल्या कॅमस प्रेअरी या गवताळ मैदानात चालून आलेय. ओढ्याच्या वाळूत बोटभर लहरी असतात ना, तशाच लहरी त्या सरोवराच्या पाण्याने तिथे केल्यात, पण काही ३० फूट उंच. पायाखाली गवत आणि खडी. आपण लाटेवर उभे आहोत हे खाली असताना कळतच नाही, वरूनच कळतं. म्हणून हवाई छायाचित्र आवर्जून न्या.

आणि भूशास्त्रज्ञ ब्रेट्झबद्दल सांगाच. त्याने १९२३ मध्ये महापुराची कल्पना मांडली, तज्ज्ञांनी ती धुडकावली. भूशास्त्रातलं मानाचं पेनरोझ पदक त्याला मिळालं १९७९ मध्ये!

प्रश्नकर्ती: मग आधी वर्गातच ट्रेमध्ये वाळू आणि बर्फाचा बांध करते.