मदत हवी आहे: कन्यादानाला एकटी आई बसू शकते का?

नमस्कार मंडळी. ताईचं लग्न सांगलीत आहे. बाबा नाहीत. कन्यादानाला काका-काकू बसणार हे थोरल्यांनी परस्पर ठरवलंय. ताई म्हणते, आईच बसेल. आई गप्प. काल बाबांनी घेतलेला शालू तिनं कपाटातून काढला, काठावरून हात फिरवला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. काका वाईट नाहीत हो, पण 'जोडप्यानंच बसायचं असतं' यावर अडून बसलेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादान सक्तीचं नाही, हे सांगून पाहिलं. "कायदा कोर्टात," म्हणाले!

सांगली-मिरजेकडे एकट्या आईकडून विधी करून घेणारे गुरुजी कुणाला माहीत आहेत का? तुमच्याकडे असं झालं असेल तर थोरल्यांना कसं समजावलंत?