बाँड्स बाहेर, सेलिग आत: बेसबॉलमधल्या स्टेरॉइड्सचा दोष नक्की कोणाचा?

डावखुरा:
२०१७ मध्ये अमेरिकन बेसबॉलचा माजी कमिशनर, म्हणजे प्रमुख, बड सेलिगला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांचं सन्मान-दालन) घेतलं आणि २०२२ मध्ये बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स या स्टेरॉइड्सचे आरोप असलेल्या दिग्गज खेळाडूंना दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षीही मतदारांनी नाकारलं, हे मला अजून पटत नाही. ज्याच्या काळात सगळं चाललं तो कमिशनर आत आणि खेळाडू बाहेर? १९९४ च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीजच, म्हणजे सीझनची फायनलच, रद्द झाली, लोक चिडले, मग १९९८ ला मॅग्वायरने ७० आणि सोसाने ६६ होमरन (आपल्या सिक्सरसारखे फटके) मारले आणि टीम मालकांची चांदी झाली. त्याच ऑगस्टमध्ये एका पत्रकाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोची (शरीरात स्टेरॉइडसारखं काम करणारं औषध) बाटली दिसली, लपवलेली पण नव्हती. ऑलिंपिकमध्ये, एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. आणि लोक तुटून पडले कोणावर, तर त्या पत्रकारावर!

क्लीनबोल्ड:
अरे पण सुई मालकांनी टोचली का? १९९१ लाच कमिशनर फे व्हिन्सेंटने सगळ्या टीम्सना मेमो पाठवला होता की स्टेरॉइड्स चालणार नाहीत. बाँड्सने २००३ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे कोर्टाच्या चौकशीत, सांगितलं की मला दिलेलं ते स्टेरॉइड मला जवसाचं तेल वाटलं. शरीरावर कोट्यवधी कमावणारा माणूस आत काय जातंय ते विचारत नाही, हे मी तरी मानणार नाही. मला वाईट वाटतं ते मायनर लीगमधल्या (मुख्य लीगच्या खालची पातळी) त्या पोरांचं, ज्यांनी काही घेतलं नाही आणि ज्यांची जागा स्टेरॉइड्स घेणाऱ्यांनी पटकावली. त्यांना कोणी मत देत नाही की नाकारत नाही, ती कोणाला माहीतच नाहीत.

डावखुरा:
पोरांचं मान्य, शंभर टक्के. पण मेमो काढला आणि टेस्ट कुठे होती? पहिली टेस्टिंग २००३ ला, तीही नावं गुप्त, शिक्षा नाही. पाच टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह निघाले तेव्हा कुठे २००४ पासून शिक्षेसकट टेस्टिंग सुरू झालं.

चौथाबेस:
टेस्टिंग इतकी वर्षं अडवली कोणी ते पण बोला की. खेळाडूंच्याच युनियनने, प्रायव्हसीच्या नावाखाली. मी स्वतः युनियनच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून जास्त टोचतं, कारण काही न घेणारे पण त्याच युनियनचे मेंबर होते ना? त्यांच्या वतीने कोण भांडलं? २००७ च्या मिचेल रिपोर्टात (बेसबॉलमधल्या स्टेरॉइड्सच्या चौकशीचा अहवाल) ८९ खेळाडूंची नावं आली, पण त्यातच लिहिलंय की कमिशनर, टीम्स, युनियन, खेळाडू सगळेच जबाबदार.

क्लीनबोल्ड:
सगळेच जबाबदार म्हटलं की कोणीच नाही.

डावखुरा:
मग पैसा बघ. २०१३ ला जॉनी पेराल्टा या खेळाडूवर ड्रग्ज प्रकरणात ५० मॅचेसची बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कार्डिनल्स टीमने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलर दिले. सही मालकांची आहे.

क्लीनबोल्ड:
हो, आणि त्यावर उघडपणे चिडले ते दुसरे खेळाडूच. म्हणून म्हणतो, पकडला गेला की करार रद्द करायचा हक्क टीमला द्या आणि तशाला परत घेणाऱ्या टीमचा ड्राफ्ट पिक (नवीन खेळाडू निवडायची संधी) कापा. दोघांनाही बसू दे.